व्ही-एटीपेजची अँटीबॉडी घेताना: ‘ए’ की ‘डी१’?

पेशीतला कचरा पचवणाऱ्या लायसोसोमच्या आत आम्लता टिकवणारा व्ही-एटीपेज हा पंप दोन तुकड्यांचा असतो. पेशीद्रवाकडचा व्ही१ एटीपी फोडतो, तर पटलात बसलेल्या व्ही० मधून प्रोटॉन आत जातात. हे तुकडे कायम जोडलेले नसतात. यीस्टचं ग्लुकोज काढलं की काही मिनिटांत व्ही१ सुटून पेशीद्रवात येतो, आणि ग्लुकोज दिलं की पुन्हा जाऊन बसतो. अँटीबॉडी (ठरावीक प्रथिनाला चिकटून ते दाखवणारं प्रथिन) निवडताना मला सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच वाटते.

‘ए’ हा व्ही१ मधला उपघटक (पंपातलं एक प्रथिन), वजनाने सुमारे ७० किलोडाल्टनचा. एका पंपात त्याच्या ३ प्रती असतात. ‘डी१’ व्ही० मधला, सुमारे ४० चा, आणि त्याची प्रत एकच. अख्ख्या लायसेटवर (फोडलेल्या पेशींचा द्रव) ‘ए’चा ब्लॉट (प्रथिनं जेलवर वजनाप्रमाणे वेगळी करून अँटीबॉडीने दाखवणं) केला तर सुटा व्ही१ आणि जोडलेला व्ही१ एकाच बँडमध्ये येतात. बँड ठळक दिसला म्हणजे पंप चालू आहे, असं म्हणता येत नाही. पंप जोडला जातो का, हा तुमचा प्रश्न असेल तर पटल आणि पेशीद्रव वेगळे करा, दोन्हींत ‘ए’ बघा आणि पटलाच्या भागात ‘डी१’शी ताडून बघा. म्हणजे खरं तर दोन्ही लागतात. एकीपुरतेच पैसे असतील तर मी ‘ए’ घेईन, कारण तिच्यावर दोन्ही भागांतली वाटणी तरी दिसते.

मागणी नोंदवताना जनुकाचं नाव अक्षर न् अक्षर वाचा. एटीपी६व्ही१ए म्हणजे आपला ‘ए’. एटीपी६व्ही०ए१ हा व्ही० मधला, १०० किलोडाल्टनच्या वरचा वेगळाच उपघटक. तो पटलात घट्ट रुतलेला असतो, त्यामुळे नमुना उकळला की त्याच्या गुठळ्या होतात. माझा पहिला ब्लॉट असाच गेला: ९५ अंशांवर पाच मिनिटं ठेवलं आणि सगळा संकेत जेलच्या विहिरीपाशी अडकून बसला. पुढच्या वेळी नमुना ३७ अंशांवर ठेवला, तेव्हा बँड आपल्या जागी आला.

लोडिंग कंट्रोलही (प्रत्येक नमुना सारखाच भरलाय हे दाखवणारं दुसरं प्रथिन) आधीच ठरवा. ‘डी१’सोबत अ‍ॅक्टिन नको, ते ४२ ला येतं आणि दोन बँड एकमेकांना चिकटतात. ‘ए’ला अ‍ॅक्टिन चालतं, पण पेशी नीट धुतल्या नाहीत तर सीरममधलं अल्ब्युमिन ६६ च्या आसपास फुगतं आणि ‘ए’चा बँड वाकडा करतं.

पॉलिक्लोनल (अनेक अँटीबॉडींचं मिश्रण) की मोनोक्लोनल (एकाच प्रकारची)? काम वर्षभर चालणार असेल तर सशाची रिकॉम्बिनंट (जनुकावरून बनवलेली) मोनोक्लोनल घ्या. पॉलिक्लोनलचा लॉट बदलला की डायल्युशन (पातळ करण्याचं प्रमाण) पुन्हा पहिल्यापासून बसवावं लागतं. उंदराच्या ऊतीवर उंदराचीच मोनोक्लोनल वापरली तर सेकंडरी (पहिल्या अँटीबॉडीला धरून संकेत देणारी दुसरी) ऊतीतल्या मूळ अँटीबॉडींनाही धरते आणि पार्श्वभूमी भरून जाते.

डेटाशीटवरच्या एका सुंदर बँडवर मी विसंबत नाही. एसआय-आरएनएने (जनुकाचा संदेश तोडायला लावणारा छोटा आरएनए) नॉकडाउन केलेल्या, म्हणजे ते प्रथिन कमी केलेल्या, पेशींत तो बँड फिका होतो का, ते बघते. ‘ए’ पूर्ण काढून टाकलं तर पेशी सहसा तगत नाहीत, म्हणून इथे नॉकआउटपेक्षा नॉकडाउन सोयीचा. आणि आत आम्ल खरंच तयार होतंय का, हे यांतली कुठलीच अँटीबॉडी सांगणार नाही. त्यासाठी आम्लता दाखवणारा रंग घ्या आणि शेजारच्या प्लेटमध्ये पंप बंद करणारं बॅफिलोमायसिन घालून फरक बघा.