झाकणाचं ग्रिल, उघडं ग्रिल की ओटीजी? फ्लॅटमधल्या ओट्यासाठी काय घ्यावं

दुकानात जाऊन ‘घरात वापरायचं इलेक्ट्रिक ग्रिल दाखवा’ म्हटलं, की समोर तीन पूर्ण वेगळ्या वस्तू येतात. पहिलं झाकणाचं ग्रिल: वर-खाली दोन तापणाऱ्या प्लेटा, मध्ये पदार्थ दाबायचा. घराघरांत याला सँडविच मेकरच म्हणतात. दुसरं उघडं ग्रिल: वर जाळी, खाली लाल होणारी कॉईल, तिच्याखाली ट्रे. खोक्यावर याचं नाव ‘बार्बेक्यू’ असतं. तिसरा ओटीजी, म्हणजे ओव्हन-टोस्टर-ग्रिलर: वर-खाली कॉईल असलेली विजेची छोटी भट्टी. त्यातला ‘जी’ ग्रिलरचा, म्हणून विक्रेता त्यालाही याच रांगेत बसवतो. हल्ली एअर फ्रायरवालेही ‘यात ग्रिल होतं हो’ म्हणत घुसलेत. त्यात गरम हवा फिरते, तंगडी छान होते, पण ज्यांच्याकडे तो आधीच आहे त्यांनी वापरावा. ग्रिलसाठी म्हणून घेऊ नये.

माझं मत आधीच सांगून टाकते. तीन-चार माणसांचं घर, आठवड्यातून दोनदा सँडविच, कटलेट किंवा पनीर, आणि मासे-चिकन कधीतरी, असं असेल तर सुट्या प्लेटांचं झाकणाचं ग्रिल घ्या. दर रविवारी मासळी येते, ओट्याशेजारी खिडकी आहे आणि १६ अँपिअरचा पॉइंट हाताशी आहे, तर उघडं ग्रिल. ओटीजी केक-पाव भाजणाऱ्यांनी घ्यावा आणि ग्रिल हा त्यातला वरचा फायदा समजावा.

कोळशाची चव मात्र तिन्हींपैकी कशातही येत नाही. चरबी निखाऱ्यावर ठिबकते, जळते आणि तो धूर वर येऊन मांसाला लागतो, तीच ती चव. ‘स्मोकी फ्लेवर’ असं खोक्यावर छापलं म्हणून कॉईलचा निखारा होत नाही. चव हवीच असेल तर धुरी द्या: कोळशाचा लहान तुकडा गॅसवर लाल करायचा, शिजलेल्या तुकड्यांच्या मधोमध वाटीत ठेवायचा, वर चमचाभर तूप सोडायचं आणि दोन मिनिटं घट्ट झाकायचं. खिडकी उघडी हवी. कोळशाची आख्खी शेगडी मात्र घरात किंवा काचा लावून बंद केलेल्या बाल्कनीत कधीच नको. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, म्हणून कळत नाही.

आधी भिंतीकडे बघा

लोक किंमत बघतात, प्लेटचा आकार बघतात आणि घरी आल्यावर पिन बसत नाही. आपल्याकडे वीज २३० व्होल्टची. साध्या ६ अँपिअरच्या पॉइंटवर हिशेबाने १३८० वॉटपर्यंतचं यंत्र चालतं, आणि रोजच्या वापरासाठी हजाराच्या आसपास थांबलेलं बरं. दोन स्लाइसची छोटी सँडविच ग्रिलं ७०० ते १००० वॉटची असतात, ती बिनधास्त चालतात. २००० वॉटचं उघडं ग्रिल पावणेनऊ अँपिअर खेचतं. त्याला जाड पिन असते आणि ती १६ अँपिअरच्या पॉवर पॉइंटमध्येच गेली पाहिजे. जाड पिन बारीक पॉइंटमध्ये बसवणारा कन्व्हर्टर कोपऱ्यावरच्या इलेक्ट्रिकच्या दुकानात सहज मिळतो. तो या कामासाठी घेऊ नका. यंत्राला काही होत नाही, भिंतीतली वायर तापते. टीव्हीमागचं एक्स्टेंशन बोर्डही तसंच. त्याची वायर बोटाने चाचपून बघा, म्हणजे ती किती बारीक आहे ते कळेल.

जुन्या इमारतींत स्वयंपाकघरातला एकुलता एक पॉवर पॉइंट फ्रिज नाहीतर मायक्रोवेव्ह धरून बसलेला असतो. मग ग्रिल लावायला एक काही काढावं लागतं, आणि जे लावायला खटपट पडते ते माळ्यावर जातं. नवा पॉइंट ओढून घ्यायची तयारी नसेल तर उघड्या ग्रिलचा आणि मोठ्या ओटीजीचा विचार इथेच सोडून द्या.

बिलाची काळजी त्यामानाने फुकट आहे. २००० वॉटचं यंत्र अर्धा तास सलग चाललं तरी एक युनिट. हजार वॉटचं ग्रिल वीस मिनिटं चाललं तर एक तृतीयांश युनिटसुद्धा नाही, कारण पुरेसं तापलं की थर्मोस्टॅट मधूनमधून वीज बंद करत राहतो. घरातल्या इन्व्हर्टरवर मात्र यातलं काहीच चालवायला जाऊ नका.

कशात काय होतं

पदार्थ खरपूस व्हायला पृष्ठभाग साधारण १४० अंशांच्या वर जावा लागतो, आणि ओलावा आहे तोवर तो शंभराच्या पुढे सरकत नाही. घरच्या ग्रिलवरचं पनीर फिकट आणि रबरी का होतं याचं उत्तर बहुतेक वेळा एवढंच आहे. झाकणाच्या ग्रिलमध्ये दोन्ही बाजूंनी एकदम उष्णता लागते, वेळ निम्मा होतो, पण सुटलेली वाफही आतच अडकते. पातळ दह्यातलं पनीर त्यात भाजलं जात नाही, उकडतं. दही फडक्यात टांगून चक्का करा, त्यात चमचाभर भाजलेलं बेसन आणि मोहरीचं तेल घाला. लेप बोटाला चिकटून राहिला पाहिजे, ओघळता कामा नये. मीठ अगदी शेवटी. ग्रिलचा दिवा लागल्यावरही आणखी दोन मिनिटं तापू द्या, तुकडे सव्वा-दीड सेंटीमीटरचे, एकमेकांना न चिकटवता ठेवा. झाकण नुसतं टेकवायचं, दाबायचं नाही. पहिल्या मिनिटात चर्रचा आवाज भरीव येतो आणि कडेने वाफ निघते. वाफ कमी झाली की समजायचं पाणी संपलं, आता रंग धरेल. तीन ते चार मिनिटांत काढा. सहाव्या मिनिटाला तेच पनीर दाताखाली करकरतं.

उघड्या ग्रिलवर पनीरचा रंग जास्त चांगला येतो, कोपरे किंचित जळतात, जे हवेच असतात. पण सळ्या फिरवत उभं राहावं लागतं, आणि पाहुणे बाहेर बसलेत तेव्हा हे जमत नाही.

चिकनचं गणित हाडावर ठरतं. बोनलेस तुकडा लाटण्याने ठोकून सारखा दोन सेंटीमीटर केला तर झाकणाच्या ग्रिलमध्ये सहा ते आठ मिनिटांत होतो. तंगडी घातली की हाड झाकण वर उचलून धरतं, बाहेरून काळी आणि हाडाजवळ गुलाबी अशी ती निघते. तंगडी ओटीजीचं काम: २०० अंशांवर पस्तीस-चाळीस मिनिटं, शेवटी फक्त वरची कॉईल लावून रंग आणायचा. शिजलं की नाही याबद्दल शंका असेल तर सुईचा थर्मामीटर घ्या. चिकनच्या सगळ्यात जाड भागात ७४ अंश आले की झालं.

माशांत उघडं ग्रिल निर्विवाद पुढे आहे. आख्खं पापलेट डोक्याकडे जाड, शेपटीकडे पातळ. झाकणात घातलं तर शेपूट कोरडं पडतं आणि डोक्याकडे कच्चं राहतं. मासे भाजायच्या दुहेरी जाळीत धरून कॉईलवर ठेवलं, की शेपटीची बाजू कडेला सरकवता येते. बांगड्याला तिरक्या चिरा द्या, हळद-मीठ-मालवणी मसाला-कोकमाचं आगळ लावा आणि ठेवण्याआधी बाहेरचं पाणी टिपून घ्या. खालच्या ट्रेमध्ये बोटभर पाणी ठेवायला विसरू नका. बांगड्याची चरबी कोरड्या ट्रेवर पडली तर घर धुराने भरतं. सुरमईची तुकडी मात्र झाकणाच्या ग्रिललाही झेपते, चार-पाच मिनिटांत होते. रवा लावून ग्रिल करायचा मोह टाळा. रव्याला तेल लागतं. तेलाशिवाय तो नुसता भुगा होऊन प्लेटवर बसतो. तो थाट तव्यावरच.

मक्याचं कणीस झाकणाच्या ग्रिलमध्ये दाण्यांच्या चार रांगांपुरतं भाजतं, बाकी फिकट. उघड्यावर मस्त. आणि भरताचं वांगं? जळगावकडचं मोठं हिरवं वांगं कॉईलवर अर्धा तास फिरवत बसण्यापेक्षा गॅसच्या ज्योतीवर जाळी ठेवून भाजा. साल जळून जो वास आत उतरतो तो ज्योतीवरच येतो. झाकणाच्या ग्रिलमध्ये वांग्याचे काप चांगले होतात, पण काप म्हणजे भरीत नव्हे.

खरं सांगायचं तर झाकणाचं ग्रिल जिंकतं ते टिक्क्यात नाही, रोजच्या किरकोळ कामांत. रात्रीच्या पोळीत सकाळची कोरडी भाजी आणि चीज घालून दाबली की डबा तयार. उरलेले कटलेट, टिक्क्या, पाव. मुंबईतल्या गाडीवरचं सँडविच घरी करताना एकच बदल करा: बाहेरून लोण्याऐवजी तुपाचं बोट फिरवा. लोण्यातला दुधाचा अंश लवकर करपतो, प्लेटवर काळे डाग पडतात आणि पुढच्या सँडविचला त्याचा कडू वास लागतो. तूप बरंच जास्त तापमान सोसतं. चटणी, बटाटा, बीट, काकडी, टोमॅटो सगळं आत नेहमीसारखंच. फक्त टोमॅटोच्या चकत्या आधी मिठाशिवाय टिपून घ्या.

धूर, वास आणि शेजारी

‘स्मोकलेस’ हा शब्द अर्धा खरा आहे. ग्रिलची प्लेट कोळशाइतकी तापत नाही, आणि उतारामुळे चरबी बाजूला निथळते, म्हणून धूर कमी. उतरत्या प्लेटची ही कल्पना जगभर लोकप्रिय केली ती मुष्टियोद्धा जॉर्ज फोरमनच्या नावाने १९९४ मध्ये विकायला आलेल्या ग्रिलने. पण माशाचा वास उताराने जात नाही. चिमणी नसेल तर बांगड्याच्या दिवशी बैठकीच्या खोलीचं दार लावून घ्यावं लागतं, आणि सोसायटीत सगळेच मासे खाणारे नसतात.

घरात पोपट किंवा लव्हबर्ड असतील तर नॉनस्टिक प्लेटचं यंत्र रिकामं तापत ठेवून जाऊ नका. साधारण २६० अंशांपुढे टेफ्लॉनचा थर विघटित होऊ लागतो आणि तो वायू पक्ष्यांच्या जिवावर उठतो. थर्मोस्टॅट नीट चालत असेल तर तेवढं तापमान येत नाही; पण पिंजरा स्वयंपाकघरात ठेवूच नये.

धुणार कोण?

ही बाब मी चवीच्या बरोबरीने धरते. जोडलेल्या प्लेटांचं स्वस्त ग्रिल धुता येत नाही, ओल्या फडक्याने पुसत बसावं लागतं, आणि बिजागरीजवळ मसाला साचतो तो साचतोच. सुट्या प्लेटांच्या ग्रिलला हजार-दीड हजार जास्त लागले तरी द्या. प्लेट कोमट झाली की काढून पाण्यात टाका, मऊ स्क्रबरने पाच मिनिटांचं काम. तारेची घासणी आणि स्टीलचं उलथनं दोन्ही दूर ठेवा. आणखी एक सोय आपल्या घरांत फार कामाची: प्लेटांचा दुसरा जोड वेगळा मिळत असेल तर घेऊन ठेवा. सासूबाई किंवा आई शाकाहारी असतील, किंवा श्रावण पाळत असाल, तर एकाच यंत्रावरून होणारी कुरबुर तिथेच संपते.

उघड्या ग्रिलची जाळी सिंकमध्ये मावत नाही, हे दुकानात लक्षात येत नाही. ती मोरीत नेऊन घासावी लागते. कॉईलला पाणी लावायचं नाही. तिच्यावर पडलेलं थोडं तापल्यावर जळून जातं, बाकी थंड झाल्यावर कोरड्या ब्रशने. ओटीजीचा ट्रे सोपा, पण आतल्या भिंतींवर उडालेले तुपाचे थेंब पुढच्या केकला वास देतात. चिकन आणि केक दोन्ही करणार असाल तर हे आधीच पत्करा.

विकत घेताना

झाकण उघडून पाव किलो पनीरचा तुकडा मध्ये आहे असं समजून बंद करून बघा. बिजागरी उंचीप्रमाणे वर सरकली पाहिजे. मागून दाब आणि पुढून फट असं होत असेल तर ते फक्त ब्रेडसाठी आहे. १८० अंशांत सपाट उघडत असेल तर दोन तवे मिळाल्यासारखं, मात्र तसं उघडल्यावर एकच बाजू भाजते आणि वेळ दुप्पट होतो. तापमानाची कळ हवी. नुसते लाल-हिरवे दिवे असलेल्या ग्रिलवर मासा आणि ब्रेड एकाच तावावर भाजावा लागतो. थेंब पडायचा ट्रे बाहेर ओढता येतो का, वायर किती लांब आहे, आयएसआयचं चिन्ह आहे का, आणि सुटी प्लेट पुढे एकटी विकत मिळते का, हे विचारून घ्या.

अमेरिकेतला भाचा ‘इथे ग्रिल स्वस्त आहे मावशी, येताना आणतो’ म्हणाला तर त्याला प्रेमाने नाही म्हणा. तिथलं यंत्र १२० व्होल्टचं. आपल्या पॉइंटला लावलं तर जवळपास चौपट ताकदीने तापतं आणि बहुधा पहिल्याच दिवशी जळतं. मोबाइलच्या चार्जरसारखं ते दोन्हीकडे चालत नाही, आणि दीड हजार वॉटचा ट्रान्सफॉर्मर घ्यायला गेलात तर त्याच्या वजनात आणि किमतीत इथलं नवं ग्रिल येतं. त्याला स्वतःसाठी मात्र तिथे झाकणाचं ग्रिल जरूर घेऊ द्या. बऱ्याच अपार्टमेंटांत बाल्कनीत कोळसा किंवा गॅसचं ग्रिल लावायला परवानगीच नसते.