डिझेल हॅचबॅक की टर्बो पेट्रोल: घाटात मजा कशात?

हा प्रश्न आता शोरूमपेक्षा सेकंड-हँड बाजारात जास्त पडतो. भारतात नवी कोरी डिझेल हॅचबॅक म्हणजे टाटा अल्ट्रोझ, एवढाच पर्याय उरलाय. फोर्डने २०२१मध्ये इथला कारखाना आवरला, चाकणला बनणारी फोक्सवॅगन पोलो २०२२मध्ये थांबली, ह्युंदाईने आय-२०चं डिझेल इंजिन काढून टाकलं. त्यामुळे डिझेलच हवी असेल तर बहुतेकांची गाडी पोलो जीटी टीडीआय किंवा फिगो १.५ टीडीसीआयवर येऊन थांबते. समोर टर्बो पेट्रोलच्या बाजूने उभ्या असतात पोलो जीटी टीएसआय, पुंटो अबार्थ, आणि खिसा बरा असेल तर आय-२० एन लाइन.

युरोपात ही लढत कधी बरोबरीची नव्हती. फोक्सवॅगनच्या सातव्या पिढीच्या गोल्फमध्ये पेट्रोलच्या जीटीआयला २२० पीएस (अश्वशक्ती) आणि डिझेलच्या जीटीडीला १८४ पीएस, म्हणजे डिझेल हा धाकटा भाऊ ठरलेलाच. आपल्याकडे करामुळे गंमत झाली. चार मीटरच्या आतल्या गाडीला कमी कर लागायचा असेल तर पेट्रोल इंजिन १,२०० सीसीच्या आत आणि डिझेल १,५०० सीसीच्या आत हवं. डिझेलला कायद्यानेच ३०० सीसी जास्तीचे मिळाले. म्हणून इथे दोन्ही पोलो १०५ पीएसच्याच निघाल्या. ताकद सारखी आणि स्वभाव वेगळा, अशी तुलना करायला यापेक्षा चांगली जोडी नाही. खालच्या तक्त्यात टॉर्क म्हणजे इंजिनाची ओढ (एनएममध्ये), आरपीएम म्हणजे इंजिनाचे मिनिटाला फेरे, आणि डीएसजी-डीसीटी म्हणजे दोन क्लचचे ऑटोमॅटिक गिअरबॉक्स.

| गाडी | ताकद | टॉर्क | गिअरबॉक्स |
|---|---|---|---|
| पोलो जीटी टीडीआय १.५ (डिझेल) | १०५ पीएस, ४,४०० आरपीएम | २५० एनएम, १,५००–२,५०० | ५ मॅन्युअल |
| पोलो जीटी टीएसआय १.२ (पेट्रोल) | १०५ पीएस, ५,००० आरपीएम | १७५ एनएम, १,५००–४,१०० | ७ डीएसजी |
| फिगो १.५ टीडीसीआय (डिझेल) | १०० पीएस, ३,७५० आरपीएम | २१५ एनएम, १,७५०–३,००० | ५ मॅन्युअल |
| अल्ट्रोझ १.५ (डिझेल) | ९० पीएस, ४,००० आरपीएम | २०० एनएम, १,२५०–३,००० | ५ मॅन्युअल |
| आय-२० एन लाइन १.० (पेट्रोल) | १२० पीएस, ६,००० आरपीएम | १७२ एनएम, १,५००–४,००० | ६ मॅन्युअल / ७ डीसीटी |

टॉर्कचा आकडा बघून भुलू नका. एनएम गुणिले आरपीएम, भागिले ७,०२४ केलं की त्या क्षणाला इंजिन किती पीएस देतंय ते कळतं. २,५०० आरपीएमला टीडीआय देते साधारण ८९ पीएस आणि टीएसआय ६२. ट्रकच्या मागे चौथ्या गिअरमध्ये रेंगाळताना थोडी मोकळी जागा दिसली, रेस दाबली आणि गिअर न बदलता गाडी पुढे निघाली, ही डिझेलची मजा त्या २७ पीएसची आहे.

आता दुसरी बाजू. अल्ट्रोझ डिझेल ३,००० आरपीएमला ८५ पीएसवर पोचलेली असते, आणि कमाल ताकद ९०. म्हणजे पुढच्या हजार आरपीएममध्ये इंजिन ओरडून ओरडून फक्त ५ पीएस वाढवतं. एन लाइन ३,०००ला ७३ पीएस देते आणि तिथून ६,०००पर्यंत आणखी ४७ चढवत नेते. इंजिन शेवटपर्यंत खेचत नेण्यात ज्याला मजा वाटते त्याने डिझेलच्या वाटेला जाऊच नये, कितीही रीमॅप केलं (इंजिनाचं सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवली) तरी तो स्वभाव बदलत नाही. टीडीआय यात थोडी उजवी, २,५००नंतरही तिच्याकडे १६ पीएस शिल्लक असतात.

घाटात याचा अर्थ काय? ताम्हिणी किंवा कुंभार्लीसारख्या लांब वळणांच्या चढात डिझेल तिसऱ्या गिअरवर बहुतेक घाट काढते आणि वेगही छान राहतो. आंबेनळीसारख्या हेअरपिनच्या घाटात मात्र तिची पंचाईत होते. दुसऱ्या गिअरमध्ये वळणातून बाहेर पडताना आरपीएम १,४००च्या आसपास पडतात, टर्बो झोपलेला असतो, गाडी क्षणभर दम टाकते आणि मग एकदम उसळते. १.३ लिटरच्या मल्टिजेट डिझेल इंजिनाच्या स्विफ्टमध्ये ही खोड सर्वात जास्त, तिथे २,००० आरपीएमच्या खाली काही मागूच नये. उपाय एकच: वळणाच्या आधी, ब्रेक मारतानाच गिअर खाली घ्यायचा आणि इंजिन १,८००च्या वर ठेवून वळायचं. वळणात शिरल्यावर गिअर शोधत बसणाऱ्याला डिझेल कायम आळशी वाटणार.

उलट, दुसऱ्या गिअरमध्ये डिझेल गाडीची धाव लवकर संपते. ४,५००च्या आसपास तिची हद्द, त्यामुळे दोन हेअरपिनच्या मधल्या तुकड्यात पेट्रोलवाला दुसऱ्यावरच राहतो आणि डिझेलवाल्याला तिसरा टाकून परत दुसरा घ्यावा लागतो.

वळणावर पुढच्या टोकाचं वजन जाणवतंच. टीडीआयचा ब्लॉक बिडाचा, टीएसआयचा अ‍ॅल्युमिनियमचा, आणि तो फरक थेट पुढच्या चाकांवर येतो. उतारावर ब्रेक मारत वळलं की टीडीआय आधी बाहेरच्या बाजूला रुंदावते. फिगो इथे आश्चर्यकारक चांगली आहे: साधारण १,०५० किलोची गाडी, बोलकं स्टिअरिंग, आणि २०१७च्या फिगो एसमध्ये कडक सस्पेन्शन व १५ इंची चाकं. कमी पैशांत मजेची डिझेल हवी असेल तर आमचं मत फिगो एसला, पोलोला नाही. पोलो जास्त भक्कम वाटते, हायवेवर जास्त शांत राहते, पण चालवण्यात फिगो जास्त खेळकर.

जीटी टीएसआयची अडचण इंजिनात नाही, गिअरबॉक्समध्ये आहे. १.२च्या काळात ती फक्त डीएसजीतच मिळायची. मॅन्युअल पेट्रोल जीटीसारखी मजा हवी असेल तर २०२०नंतरची १.० टीएसआय, ११० पीएस, सहा गिअर, अशी शोधावी. पुंटो अबार्थ १४५ पीएसची आहे आणि सरळ रस्त्यावर यातल्या सगळ्यांना मागे टाकते, पण फियाट भारतातून गेल्यावर तिचे बॉडी पार्ट मिळवणं हा वेगळाच उद्योग झालाय.

आता देखभाल, कारण निर्णय बऱ्याचदा इथेच फिरतो.

२०२०नंतरच्या बीएस-६ (नव्या प्रदूषण नियमांच्या) डिझेलमध्ये डीपीएफ (धुराची गाळणी) असतो. काजळी साठवून ती साधारण ६०० अंशांना जाळायची, हे त्याचं काम. त्यासाठी १५–२० मिनिटं सलग ६०च्या वर वेग आणि २,०००च्या आसपास आरपीएम लागतात. कोथरूड ते डेक्कन एवढंच रोजचं फिरणं असेल तर हे जाळणं अर्धवट सुटतं. मग न जळालेलं डिझेल ऑइलमध्ये उतरतं आणि डिपस्टिकवर पातळी खाली जाण्याऐवजी वर जाते. पातळी कमाल खुणेच्या वर दिसली की ऑइल ताबडतोब बदलायचं, नाहीतर पातळ झालेलं ऑइल टर्बोचं बेअरिंग खातं. डीपीएफ कापून टाकायला गॅरेजवाले तयार असतात, पण ते बेकायदा आहे.

बीएस-४ डिझेलला ही कटकट नाही, तिथे ईजीआर व्हॉल्व्ह (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा) आणि इनटेक मॅनिफोल्ड (इंजिनात हवा नेणारी नळी) काजळीने चोंदतात. खूण: पिकअप हळूहळू कमी होतो, रेस दाबताच काळा धूर. टीडीआयला टायमिंग बेल्ट आहे. तो तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात. आधीच्या मालकाकडे बेल्ट बदलल्याचं बिल नसेल तर बेल्ट, टेन्शनर आणि वॉटर पंप तिन्ही एकदमच बदलून घ्या आणि तो खर्च किमतीतून वळता करा. वरच्या गिअरमध्ये १,२००वर गाडी ओढायची सवय असलेल्याची गाडी असेल तर ड्युअल मास फ्लायव्हील (इंजिनाची थरथर शोषणारं जड चाक) गेलेलं असू शकतं: इंजिन बंद करताना गचका आणि खडखड.

पेट्रोलमध्ये डीएसजीचे कोरडे क्लच आणि मेकाट्रॉनिक (गिअर बदलणारा इलेक्ट्रॉनिक भाग) हा मोठा खर्च. रोज ट्रॅफिकमध्ये इंच-इंच सरकणाऱ्या गाडीत हे आधी जातं. थेट इंजेक्शनच्या इंजिनात इनटेक व्हॉल्व्हवर कार्बन बसतो, कारण पेट्रोल व्हॉल्व्हवरून वाहतच नाही. बाकी प्लग, कॉइल, ऑइल, एवढ्यात भागतं. जुन्या गाडीत ई-२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलमुळे अ‍ॅव्हरेज थोडा घसरतो आणि रबरी पाइप-सील तपासत राहावे लागतात.

पैशाचा हिशोब: डिझेल ९० रुपये आणि पेट्रोल १०४ धरा. जोरात चालवून डिझेलने १७ आणि टर्बो पेट्रोलने १२चा अ‍ॅव्हरेज दिला, तर किलोमीटरला सुमारे ५.३० आणि ८.७० रुपये. महिना १,००० किलोमीटरला साधारण ३,४०० रुपयांचा फरक. नवी गाडी घेताना महाराष्ट्रात १० लाखांच्या आत पेट्रोलला ११ टक्के आणि डिझेलला १३ टक्के रोड टॅक्स, हे त्यातून वजा. ५०० किलोमीटरच्या खाली फिरणाऱ्याने डिझेलची बचत मनात धरूच नये.

दिल्लीत १० वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर आलेल्या निर्बंधांमुळे तिकडच्या टीडीआय इथे स्वस्तात दाखवल्या जातात. एनओसी, इथला टॅक्स आणि आरटीओचा खर्च मिळवून मगच किंमत ठरवा.

ट्रायलला गाडी थंड असतानाच पोचा. विकणाऱ्याने आधीच गरम करून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी परत जा. डिझेल असेल तर चालू इंजिनावर ऑइल कॅप सैल करून बघा. भकाभका वाफ आली आणि कॅप उडायला लागली तर पिस्टनच्या रिंगा गेल्या. चौथ्या गिअरमध्ये २,०००वरून पूर्ण रेस दाबा: आरपीएम चढले आणि वेग तसाच राहिला तर क्लच घसरतोय. रीमॅप केलेल्या टीडीआयमध्ये हे हमखास सापडतं, कारण मूळ क्लच वाढलेल्या टॉर्कसाठी बनलेलाच नाही. शिवाय विमा कंपनीला न कळवलेला रीमॅप दाव्याच्या वेळी अंगाशी येतो. डीएसजी असेल तर चढावर रिव्हर्समध्ये हळू सरकवून बघा आणि पहिल्यातून दुसऱ्यात जाताना थरथर होते का ते पाहा. हे दोन्ही अर्धा तास ट्रॅफिकमध्ये फिरवल्यावर पुन्हा करा, थंड गिअरबॉक्स बऱ्याच गोष्टी लपवतो.