कोर्ट नाक्यावरील शोध अहवाल: सातबाऱ्याच्या मागे जाऊन जमीन वाचणारी सेवा

शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत जमीन पाहायला जाणारी ठाणेकर मंडळी आता घरोघरी भेटतात. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा जून 2025 मध्ये खुला झाल्यानंतर दलालांचे फोन आमच्याही घरी येऊ लागले. माझे मेहुणे आणि मी मिळून आंबा, काजू आणि थोडे भात करता येईल अशी जमीन शोधत होतो. दोघेही साताऱ्याकडचे खातेदार शेतकरी असल्यामुळे शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घेण्यास आडकाठी करणाऱ्या कुळकायद्याच्या कलम 63 ची अडचण नव्हती. मात्र सातबारा कोरा आहे, एवढ्या शब्दावर व्यवहार करायचा नाही, हे आम्ही आधीच ठरवले होते. म्हणून ठाण्यातील कोर्ट नाक्याजवळच्या एका लहानशा वकिली कार्यालयाकडे जमिनीचा शोध अहवाल, म्हणजे जुन्या कागदांवरून मालकी आणि हक्क तपासणारा अहवाल, करण्याचे काम दिले. त्या अनुभवाचे हे परीक्षण आहे.

पहिली जमीन शहापूर तालुक्यातील दोन एकर वरकस, म्हणजे हलकी डोंगरउताराची, होती. सातबाऱ्यावर विक्रेत्याचे नाव स्वच्छ, कर्ज, कूळ वगैरेंच्या नोंदींचा इतर अधिकाराचा रकाना रिकामा आणि भोगवटादार वर्ग 1, म्हणजे विकायला सहसा शासनाची परवानगी न लागणारी जमीन. दलालाच्या मते यात पाहण्यासारखे काही उरलेच नव्हते. वकील मॅडमनी दुय्यम निबंधकांकडील सूची क्रमांक दोनचा, म्हणजे नोंदणी झालेल्या दस्तांच्या सूचीचा, तीस वर्षांचा शोध घेतलाच, पण त्यावर न थांबता सातबाऱ्यावर वर्तुळात लिहिलेले सगळे जुने फेरफार (मालकी बदलाच्या नोंदी) क्रमांक वहीत उतरवून त्यांच्या नकला अभिलेख कक्षातून काढल्या. त्यांतली 1968 च्या फेरफाराची नक्कल त्यांनी आमच्यासमोर टेबलावर ठेवली. मूळ कागदाचा कोपरा फाटलेला होता, शाई तपकिरी झाली होती, पण विकणाऱ्याच्या नावापुढे लिहिलेला ‘ठाकूर’ हा शब्द स्पष्ट वाचता येत होता आणि खाली अंगठा उठवलेला होता.

त्या एका शब्दाचा अर्थ त्यांनी शांतपणे समजावून सांगितला. ठाण्याच्या या पट्ट्यात ठाकूर, कातकरी आणि वारली या आदिवासी समाजांच्या जमिनी पूर्वी कवडीमोलाने हातातून गेल्या. 1 एप्रिल 1957 ते 6 जुलै 1974 या काळात आदिवासींकडून बिगर आदिवासींकडे गेलेल्या जमिनी मूळ धारकाला परत करण्याची तरतूद 1974 च्या कायद्यात आहे. त्यानंतर आदिवासीने बिगर आदिवासीला केलेल्या विक्रीला जमीन महसूल संहितेच्या कलम 36 अ प्रमाणे शासनाच्या मान्यतेने जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते. विकणारा खरोखर अनुसूचित जमातीचा होता का आणि ती जमीन परत करण्याचा प्रश्न कधी निकाली निघाला का, याचा एकही कागद मिळाला नाही. अहवालात त्यांनी सरळ लिहिले की हा व्यवहार करू नये. या कामाचे शुल्क 18,000 रुपये होते आणि ते व्यवहार झाला तरी न झाला तरी तेवढेच होते. ही पद्धत मला फार महत्त्वाची वाटते, कारण ज्याची कमाई व्यवहार होण्यावर अवलंबून असते, त्याला ‘नको’ म्हणणे जड जाते.

दुसरी जमीन एक एकर दहा गुंठ्यांची, मुरबाडकडची. तिच्या जुन्या सातबाऱ्यावर थोरल्या भावाच्या नावापुढे ‘ए.कु.मॅ.’ अशी अक्षरे होती, म्हणजे त्याचे नाव एकत्र कुटुंबाचा मॅनेजर म्हणून लागले होते. अशा नोंदीआड बहिणींचे हक्क झाकले जातात. वकील मॅडमनी वंशावळ मागवली, दोन विवाहित बहिणींची नावे शोधून काढली आणि त्यांच्या सह्यांशिवाय पुढे जाणार नाही असे विक्रेत्याला कळवले. कुळकायद्याच्या कलम 43 चा शेरा (कुळाला मिळालेली जमीन परवानगीशिवाय विकण्यावरचे बंधन), खाजगी वनाची नोंद आणि जमीन कोणत्या वापराच्या विभागात येते ते सांगणारा झोन दाखला हेही त्यांनी तपासले. शेजारचा एक जण पाच-पाच गुंठ्यांचे ‘फार्महाऊस प्लॉट’ विकत होता. तुकडेबंदीच्या नियमात प्रमाणभूत क्षेत्र, म्हणजे ज्याहून लहान तुकडा सहसा वेगळा विकता येत नाही ते क्षेत्र, जिरायतीचे 20 गुंठे आणि बागायतीचे 10 गुंठे असल्यामुळे तसल्या तुकड्यांची अडचण काय असते, हेही त्यांनी न विचारता सांगितले.

या सेवेत मला एक उणीव मात्र ठळकपणे जाणवली. संपूर्ण अहवाल कागदावर उभा आहे, कार्यालयातील कोणीही जमिनीवर जात नाही. चैत्रात आम्ही स्वतः या दुसऱ्या जमिनीच्या बांधावर उभे राहिलो तेव्हा वरच्या पाड्यावरच्या बायका डोक्यावर हंडे घेऊन आमच्या नियोजित आंब्याच्या ओळींमधूनच खालच्या झऱ्याकडे जाताना दिसल्या. पाय पडून पडून ती वाट मुरमात वीतभर खोल गेली होती. गट नकाशात तिची रेघ नाही, सातबाऱ्यावर शब्द नाही. भातसा, तानसा आणि मोडकसागर यांचे पाणी ज्या टापूतून शहरांकडे जाते, त्याच टापूतल्या पाड्यांना उन्हाळ्यात हंड्यासाठी डोंगर उतरावा लागतो. अशा ठिकाणी वहिवाटीची वाट पाहिल्याशिवाय जमिनीचा शोध पुरा झाला असे मी मानत नाही. शेजाऱ्यांनी वरकसावरचा पालापाचोळा भाताच्या राबासाठी, म्हणजे रोपे टाकण्याआधी जमीन भाजण्यासाठी, नेण्याची जुनी चालही आम्हाला गावातल्या एका वृद्ध शेतकऱ्याकडूनच कळली.

ठरलेल्या मुदतीपेक्षा अहवालाला तीन आठवडे जास्त लागले. मात्र जुने फेरफार मिळवण्यातला वेळ पाहता त्याबद्दल माझी तक्रार नाही. अहवालाची भाषा सुबोध आहे आणि प्रत्येक निष्कर्षाशेजारी संबंधित फेरफाराचा क्रमांक दिला आहे, त्यामुळे सामान्य माणसालाही तो ताडून पाहता येतो. गावाकडे जमीन घेणाऱ्याने ही सेवा जरूर घ्यावी, पण अहवाल हाती आल्यावर निदान दोन ऋतूंत जमिनीवर स्वतः जाऊन यावे.

बायकांच्या पायवाटेबद्दल आम्ही वकील मॅडमशी पुन्हा बोललो. झऱ्याकडे जाण्यासाठी चार फूट रुंदीची वाट कायम मोकळी राहील, असे कलम त्यांनी खरेदीखताच्या मसुद्यात घातले आहे, आणि आंब्याच्या ओळी त्या वाटेच्या दोन्ही बाजूंनी आखायचे आम्ही ठरवले आहे.