टीडीएस पेन: घ्या, पण सॉफ्टनरच्या पाण्यात फसू नका

टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण क्षार; ते मोजायचं हे पेन. ऑनलाइन घेतलं, ३०० रुपयांच्या आत. पाचपैकी साडेतीन.

घेतलं ते पडवीतल्या कुंड्यांसाठी. आमचं घर रेवदंड्याला. बोअरचं पाणी मचूळ नाही, पण जड. तुरीची डाळ शिजता शिजत नाही, गीझरच्या कॉइलला पापुद्रे धरतात, कुंड्यांच्या कडांवर पांढरा थर. हंसराज तर टोकांपासून करपायला लागला होता.

टोपण काढायचं, खालच्या दोन पिना रेघेपर्यंत बुडवायच्या, आकडा स्थिरावला की होल्डचं बटण दाबायचं. बोअरला ७८० मिलिग्रॅम प्रतिलिटर आलं, स्वयंपाकघरातल्या आरओला ५५. आरओच्या टाकाऊ नळीला हजाराच्या वर! ते पाणी वाया कशाला घालवा म्हणून झाडांना घालणारे पुष्कळ आहेत; आमच्यासारख्या घरात त्याने फरशी पुसावी.

आता उणीव. टाकीला सॉफ्टनर लावला, तेव्हा बसवायला आलेला म्हणाला, "काकू, आता झाडांनाही बिनधास्त हेच घाला." पेन बुडवलं तर आकडा जवळजवळ तोच. मुलगा म्हणाला, "आई, फसवलं आपल्याला." यंत्र ठीकच होतं. सॉफ्टनर कॅल्शियम-मॅग्नेशियम काढून घेतो आणि त्या जागी सोडियम सोडतो, त्यासाठीच तर त्यात मीठ भरावं लागतं. साबणाला फेस येतो, डाळ शिजते, पण कुंडीत सोडियम साठत जातं. पेन पाण्यातून वीज किती वाहते यावरून एकूण क्षारांचा अंदाज बांधतं. क्षार कोणते, हे त्याला कळत नाही. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकातही टीडीएसला ५०० आणि काठिण्याला, म्हणजे पाण्याच्या जडपणाला, २०० मिलिग्रॅम प्रतिलिटर अशा दोन वेगळ्या मर्यादा आहेत. काठिण्य मोजायचं तर थेंब टाकून रंग बघायचं किट लागतं. मी झाडांसाठी सॉफ्टनरच्या अलीकडे वेगळा नळ काढून घेतला.

पेनाचे पैसे वसूल झाले ते जूनमध्ये. पहिल्या सरीला पागोळीखाली भांडं धरलं तर ११०, कौलांवर उन्हाळाभर बसलेली धूळ आणि खारं वारं सगळं त्यात. पाऊस लागून राहिल्यावर तेच १५ वर आलं. तेव्हा पिंप भरायचं, तोंडाला फडकं बांधायचं, नाहीतर डासांची पैदास. हंसराज, अँथुरियम आणि ऑर्किडला हेच पाणी. ते संपलं की आरओचं. मनीप्लांट, क्रोटन, जास्वंद बोअरवर खुशाल वाढतात.

शेजारच्या वहिनींचं पेन त्याच पेल्यात शंभराने वेगळं दाखवतं, कारण विजेवरून क्षारांचा आकडा काढायचा गुणक कंपनीगणिक निराळा असू शकतो. तुलना एकाच पेनाने करा. वापर झाला की सेल काढून ठेवा, इथल्या हवेत त्यांना हिरवं चढतं. गुण मात्र कापलेत माहितीपत्रकासाठी: त्यावर कुंडीचं मोठं चित्र आहे, सॉफ्टनरबद्दल एक ओळ नाही.