परिषदेला जोडून घेतलेल्या कलासहली आणि जेवणं: काही महिन्यांच्या वापरानंतर

पुलांच्या संरचनेचं काम करत असल्यामुळे गेल्या काही महिन्यांत लागोपाठ परिषदांना जाणं झालं. हल्ली नोंदणीच्या अर्जातच 'संग्रहालय भेट आणि रात्रीचं जेवण' असा पर्याय असतो. मी तो दर वेळी घेतला. घ्यावा का, तर नक्की घ्यावा, पण माहितीपत्रक नीट वाचून. गट लहान हवा, चित्रं मोजकी हवीत आणि संग्रहालयातून थेट जेवणाच्या टेबलावर जाता यायला हवं. या तीन गोष्टी जुळल्या, तर परिषदेतल्या लोकांची खरी ओळख सभागृहापेक्षा इथेच होते.

मोजक्या चित्रांबद्दल माझा आग्रह सगळ्यात जास्त आहे. 'दीड तासात सगळ्या ठळक कलाकृती' असं लिहिलेल्या सहलींना मी आता नावच नोंदवत नाही. दिवसभर स्लाइड बघून डोळे आणि पाठ दोन्ही थकलेले असतात. बॉस्टनच्या ललितकला संग्रहालयातल्या बेंजामिन आइव्हज गिलमन यांनी १९१६ सालीच 'म्युझियम फटीग'वर, म्हणजे संग्रहालय बघताना येणाऱ्या थकव्यावर, लेख लिहिला होता. एका माणसाला कपाटातल्या वस्तूंबद्दल प्रश्न देऊन, उत्तरं शोधताना त्याला किती वाकावं, वळावं लागतं याचे फोटोच त्यांनी काढले होते. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात लोक एका कलाकृतीपुढे सरासरी किती वेळ थांबतात हे मोजलं गेलं, त्याचे निष्कर्ष २००१ मध्ये आले: सुमारे २७ सेकंद. एवढ्यात चित्राखालची पाटीसुद्धा धड वाचून होत नाही, मग शेजारच्या अनोळखी माणसाशी बोलणार कधी?

उलट अनुभव माद्रिदच्या प्रादो संग्रहालयातला. आमच्या गाइडबाईंनी स्पॅनिश चित्रकार व्हेलास्केझच्या 'लास मेनिनास'समोर (१६५६) आम्हाला चांगली वीसेक मिनिटं उभं केलं. या चित्रात चित्रकार स्वतःच एका मोठ्या कॅनव्हासपुढे उभा दिसतो. चित्र तीन मीटरहून उंच, त्यामुळे मागच्यांनाही नीट दिसत होतं. बाईंनी इतिहास सांगितलाच नाही, एवढंच विचारलं, "मागच्या भिंतीवरच्या आरशात राजा-राणी दिसतात. ते उभे कुठे असतील?" बहुतेकांनी ठरवून टाकलं की आपण उभे आहोत तिथेच. तेवढ्यात आमच्यातले एक वयस्कर प्राध्यापक, जे परिषदेत कुणाशी फारसं बोलले नव्हते, हाताने हवेत रेषा ओढायला लागले. छताच्या, भिंतीच्या रेषा पुढे नेल्या तर त्या आरशात मिळत नाहीत, उजवीकडच्या उघड्या दारातल्या माणसापाशी मिळतात. म्हणजे आपण आरशाच्या समोर नाही, दाराच्या समोर आहोत. मग आरशात दिसतंय ते चित्रातल्या कॅनव्हासचं प्रतिबिंब का नसावं? कलेचे अभ्यासकही यावर वाद घालत आले आहेत हे बाईंनी नंतर सांगितलं. प्रादोमध्ये फोटो काढायला बंदी आहे, त्यामुळे सगळ्यांचे फोन खिशात होते. तो वाद जेवणाच्या टेबलापर्यंत आला आणि पुढे नॅपकिनवर आकृत्या निघाल्या. त्या प्राध्यापकांशी माझा आजही पत्रव्यवहार आहे.

रेखाचित्रांची किंवा जलरंगांची दालनं असतील तर पहिल्यांदा निराशा होते, कारण आत अंधार वाटतो. कागदावरच्या कामांना प्रकाशाने इजा होते, म्हणून तिथे साधारण ५० लक्स (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) एवढाच उजेड ठेवतात. चांगला गाइड दारातच दोन-चार मिनिटं थांबवतो आणि डोळे सरावले की मगच पुढे नेतो. घाई करणाऱ्याबरोबर गेलात तर पहिली दोन-तीन चित्रं फुकट जातात.

गळ्यात रिसीव्हर, कानात इअरपीस, ही व्यवस्था मोठ्या गटाला लागतेच, गाइडला ओरडावं लागत नाही. पण माझ्या मते त्याने सहलीचा जीव जातो. प्रत्येक जण आपापल्या कानात अडकतो, शेजारचा काही म्हणाला तर ऐकू येत नाही, आणि गाइड पुढच्या दालनात वळला की नुसती खरखर. पंधरा माणसांच्या आतला गट मिळत असेल तर तोच घ्या.

जेवणाचं तंत्र वेगळं. एका ठिकाणी आयोजकांनी आम्हाला एकाच लांबलचक टेबलावर बसवलं होतं, वर संगीत मोठ्याने. गोंगाटात माणूस नकळत आवाज चढवतो, हे एतियेन लोंबार या फ्रेंच डॉक्टरने १९११ मध्ये मांडलं, त्याच्याच नावाने तो परिणाम ओळखला जातो. एकाने आवाज चढवला की दुसराही चढवतो, आणि तासाभरात घसे बसतात. सहा जणांचं गोल टेबल आणि शांत कोपरा मिळाला तर जेवण साधं असलं तरी चालतं. खाण्याची पथ्यं आणि अ‍ॅलर्जी नोंदणीच्या वेळीच लिहा, आणि बसल्यावर वाढणाऱ्याला पुन्हा सांगा. अर्जातली माहिती स्वयंपाकघरापर्यंत पोचलेली नाही, असं मी एकाहून जास्त वेळा पाहिलं आहे.

सुट्टीचा वार आधी तपासा. पॅरिसमधल्या संग्रहालयांपैकी लूव्र मंगळवारी बंद, ऑर्से सोमवारी, आणि परिषदा नेमक्या सोमवार-मंगळवारीच सुरू होतात. उशिरापर्यंत उघडं असण्याचा वार मिळाला तर सोन्याहून पिवळं: ऑर्से गुरुवारी रात्री पावणेदहापर्यंत चालू असतं, तेव्हा एकही सत्र बुडत नाही. लॅपटॉपची मोठी सॅक हॉटेलवर ठेवून जा, नाहीतर सामानघराच्या रांगेत गटापासून तुटता.

जोडीदार सोबत असेल तर त्यांच्यासाठीची वेगळी दिवसाची सहल घेण्यापेक्षा दोघांनी मिळून संध्याकाळची घ्या. बहुतेक आयोजक जादा तिकीट देतात, फक्त ते नोंदणीच्या पहिल्या टप्प्यातच संपतं.