पीएच ५ : जेवणाच्या टेबलावरचे आठ महिने

ऑक्टोबरमध्ये ऑर्हूसच्या भाड्याच्या घरात राहायला आलो तेव्हा छताला एकही दिवा नव्हता, नुसती विजेची जोडणी होती. डेन्मार्कमध्ये भाडेकरू आपले दिवे बरोबर आणतो आणि जाताना उतरवून नेतो. जेवणाच्या टेबलावर डॅनिश रचनाकार पौल हेनिंगसेन यांचा १९५८ सालचा पीएच ५ हा एकाखाली एक शेड असलेला टांगता दिवा लावायचा, हे नवऱ्याने परस्पर ठरवले होते. नव्याचे पैसे मोजायला मी तयार नव्हते, म्हणून एका आजोबांकडून वापरलेला, कडेला छोटासा पोचा असलेला दिवा निम्म्याहून कमी किमतीत घेतला.

पहिले तीन महिने मी या दिव्यावर नाराज होते. डिसेंबरात येथे पावणेचारच्या आसपासच सूर्य मावळतो, त्यामुळे मेथी निवडण्यापासून मुलीच्या गणितापर्यंत सगळे याच दिव्याखाली चालते. टेबलाच्या मधोमध परातीएवढे उजेडाचे वर्तुळ पडे, कडेला बसणाऱ्याच्या ताटातली आमटी काळपट दिसे आणि वरच्या शेड तर विझल्यासारख्याच असत. उंची चुकली असेल म्हणून टेपने मोजून दिवा टेबलापासून ६० सेंटिमीटरवर आणला, शेड ओल्या फडक्याने पुसल्या, तरी फरक पडला नाही. एवढे नाव आणि एवढा अंधार, असे मी जेवताना रोज बोलून दाखवत असे.

जानेवारीत बल्ब काढून हातात घेतला तेव्हा उलगडा झाला. तो मीच आणलेला, दुकानातला सर्वांत स्वस्त एलईडी होता. त्याचा होल्डरकडचा अर्धा भाग अपारदर्शक प्लॅस्टिकचा असून प्रकाश फक्त पुढच्या अर्ध्या गोळ्यातून बाहेर पडतो. पीएच ५ मध्ये बल्ब तोंड खाली करून बसतो, म्हणजे ते प्लॅस्टिक नेमके वरच्या शेडच्या आड येते. या दिव्यातला बराचसा उजेड शेडच्या आतल्या पांढऱ्या पृष्ठभागांवरून परतून मग आपल्यापर्यंत पोहोचतो. तिथवर प्रकाश गेलाच नाही तर त्या वळणदार पत्र्यांना काही कामच उरत नाही. गंमत अशी, की बल्बचे कारखानदार सारखे आकार बदलतात याला कंटाळून हेनिंगसेन यांनी कोणताही बल्ब चालेल असा हा दिवा केला होता. पाठ झाकलेला बल्ब निघेल, हे १९५८ मध्ये त्यांच्या मनात येण्याचे कारण नव्हते.

खोके उघडले आहे, एवढ्या कारणावरून दुकानाने तो बल्ब परत घेतला नाही, यावर माझे तेथे वीस मिनिटे भांडण झाले. मग दुधी काचेचा, चहूकडे उजेड देणारा फिलामेंट एलईडी आणला आणि त्या संध्याकाळी मला माझे मत बदलावे लागले. उजेड टेबलाच्या कडांपर्यंत पोहोचला, शेड एकेक करून उजळल्या आणि टेबलाशी कुठेही बसले तरी बल्ब डोळ्यांवर येईना. १८९४ मध्ये जन्मलेल्या हेनिंगसेन यांचे बालपण रॉकेलच्या दिव्यांच्या उजेडात गेले होते आणि तसाच सौम्य प्रकाश विजेकडून मिळवण्यासाठी ते १९२० च्या दशकापासून शेडच्या वक्रांची गणिते मांडत होते. आमच्या घरी वीज गेली की आजी कंदिलाची काच राखेने पुसून वात बारीक करायची; त्या उजेडात समोरच्याचा चेहरा जसा दिसे, तसा या दिव्याखाली दिसतो. आत काही भागांना दिलेला लाल आणि निळा रंग यासाठीच आहे, कारण वर्णपटाच्या त्या दोन टोकांना डोळा कमी संवेदनशील असतो, असे त्यांचे म्हणणे होते. फोडणीतली हळद आता हळदीसारखी दिसते, हे मी खात्रीने सांगू शकते.

धुळीची तक्रार मात्र कायम आहे. वरच्या शेडवर पंधरा दिवसांत थर जमतो आणि स्टुलावर चढल्याशिवाय तो दिसत नाही. पोचा कुणाच्याही लक्षात येत नाही. तो अर्धा बल्ब तळघरातल्या आमच्या अडगळीच्या खोलीत लावला आहे, कारण त्याचेही पैसे वसूल व्हायला हवेत.