ओशनसाइड ते बोरेगो, एकट्याने आणि एका दिवसात: ७८ की ७६?

दक्षिण कॅलिफोर्नियात समुद्रापासून निघून रात्री अँझा-बोरेगोच्या वाळवंटात तंबू ठोकायचा, असं ठरलं की दोन रस्ते समोर येतात. हायवे ७६ आणि हायवे ७८ दोन्ही ओशनसाइडलाच सुरू होतात, आणि अंतरही सारखंच, ८०-९० मैल. चारचाकीवाल्याला मी म्हणेन, कुठलाही घ्या. मोटरसायकलवर, तेही एकट्याने, मागे तंबू आणि पाणी बांधून निघालेल्याला मात्र हा निर्णय दिवसभर जाणवतो. मी दोन्हींवरून गेलोय. आता जाताना ७६ धरतो.

आधी ७८ची बाजू, कारण ती हलकी नाही. व्हिस्टा, सॅन मार्कोसमधून फ्रीवे, एस्कॉन्डिडोत तो संपतो आणि सिग्नल लागतात. पुढे सॅन पास्क्वालचं खोरं, मग रमोनाची चढण. जुलियन साधारण ४,२०० फुटांवर, १८७०च्या सुमारास सोन्यामुळे वसलेलं आणि आता सफरचंदाच्या पायसाठी ओळखलं जाणारं. पेट्रोल, जेवण, सावली, माणसं, सगळं वाटेत मिळतं. एकट्याने जाताना याचा आधार केवढा असतो हे वेगळं सांगायला नको. जुलियननंतरचा बॅनरचा घाटही देखणा आहे.

पण रमोना ते जुलियन! शनिवारी सकाळी उशिरा निघालात तर पायसाठी निघालेल्या गाड्यांची रांग लागते, आणि रस्त्याला जायला एक लेन, यायला एक. कॅलिफोर्नियात लेन स्प्लिटिंग, म्हणजे दोन लेनमधल्या गाड्यांच्या फटीतून मोटरसायकल काढणं, कायदेशीर आहे, २०१७ पासून कायद्यात त्याची व्याख्याही आहे, पण इथे त्याचा उपयोग शून्य, कारण फटीतून जायला आपल्या दिशेची दुसरी लेनच नाही. मधे दुहेरी पिवळी रेघ. पुढच्या एसयूव्हीचे ब्रेकलाइट प्रत्येक वळणाआधी लागतात, वळण सरळ झालं तरी विझत नाहीत. आपण दुसऱ्या गिअरमध्ये, क्लच अर्धा दाबलेला, जॅकेटमध्ये घाम, आणि लादलेली गाडी इतक्या कमी वेगात उगाच जड वाटायला लागते. ज्या वळणांसाठी घरून निघालो ती सगळी दुसऱ्याच्या वेगाने घ्यायची. वेळ जातो त्याचं मला एवढं वाटत नाही. जुलियनला पोचेपर्यंत डोकं थकलेलं असतं आणि खरा घाट तिथून पुढे सुरू होतो, हे मात्र मला पटत नाही. माझ्यापुरता निकाल इथेच लागला.

७६वर असं होत नाही असं नाही. बॉन्सलपर्यंत गर्दी असतेच, पाला आणि पौमाच्या कसिनोंकडे जाणाऱ्या गाड्याही असतात. मे-जूनमध्ये समुद्रावरचं मळभ सॅन लुइस रे नदीच्या खोऱ्यातून बरंच आत सोबत येतं, हेल्मेटची काच ओली होत राहते. पण पालोमार डोंगराच्या पायथ्याशी बहुतेक गाड्या गळतात. लेक हेन्शॉच्या बाजूला चढताना रस्ता बऱ्यापैकी आपला असतो. पुढे हायवे ७९वर डावीकडे, थोड्याच अंतरावर उजवीकडे एस-२ हा काउंटीचा रस्ता, आणि मग डावीकडे एस-२२. गवताळ माळ, गुरं, कुंपणं, आणि मग रँचिटा.

त्यानंतरचा मॉन्टेझुमाचा घाट. सुमारे ४,००० फुटांवरून थेट ६०० फुटांच्या आसपास. वळणं मोठी, लांबून दिसणारी, तिसऱ्या गिअरवर इंजिनच्या जोरावर उतरता येतात. हवा थंड असते ती वळणागणिक तापत जाते, अर्ध्या घाटात जॅकेटच्या झिपा उघडाव्या लागतात. समोर सगळं बोरेगोचं खोरं पसरलेलं. इथे एक गोष्ट ध्यानात ठेवा. हा उतार पूर्वेकडे तोंड करून आहे, त्यामुळे दुपार कलली की खोरं उन्हात असतं आणि रस्ता डोंगराच्या सावलीत. वळणावर पडलेला दगड किंवा मोठ्या शिंगांच्या रानमेंढ्या अशा वेळी उशिरा दिसतात. तीनच्या आत घाट उतरावा असं माझं मत. आडवा वाराही इथे जोरात लागतो, उंच पॅनियर (गाडीच्या बाजूच्या पेट्या) असतील तर विशेष.

मुक्कामाच्या दृष्टीनेही पारडं थोडं इकडेच झुकतं. घाट संपतो तिथून बोरेगो पाम कॅन्यन कॅम्पग्राउंड जवळच आहे: शॉवर, छप्पर घातलेली टेबलं, पिण्याचं पाणी. ७८ने आलात तर टॅमरिस्क ग्रोव्ह आधी लागतं. ते शांत आहे, झाडांची सावली छान, पण तिथल्या नळाचं पाणी पिण्याचं नाही, म्हणजे ते वजन समुद्रापासून वाहून आणायचं किंवा याकी पास ओलांडून बोरेगो स्प्रिंग्स गावात जायचं. कुठेही राहिलात तरी जळण विकत घेऊन न्या, पार्कात काटक्या गोळा करायला मनाई आहे. आणि हिवाळ्यातल्या किंवा फुलांच्या दिवसांतल्या शनिवार-रविवारची जागा आधी आरक्षित करा. २००९ पासून बोरेगो स्प्रिंग्सला डार्क स्काय गाव, म्हणजे रात्रीच्या आकाशाचा अंधार जपणारं गाव, म्हणून मान्यता आहे, त्यामुळे अमावस्येच्या आसपास तारे बघणारेही भरपूर येतात.

तरी ७८ कोणी घ्यावा? पहिल्यांदाच एकटे निघाला असाल, लांब तीव्र उतारांची सवय नसेल, टाकी लहान असेल, तर तोच बरा. ७६वर पौमा सोडल्यावर थेट बोरेगोतच टाकी भरायची अशा हिशेबाने मी निघतो. मधल्या वारी सुट्टी मिळत असेल तर माझी मुख्य तक्रारही बरीचशी गळून पडते, मग जुलियनला निवांत जेवून बॅनर उतरा, मजा येईल.

परतताना मात्र मी ७८नेच येतो. सकाळी लवकर तंबू गुंडाळला की बॅनर चढताना सूर्य पाठीशी असतो, आणि रांग लागलीच तर ती समोरून येणाऱ्यांची.